'जागे राहा' ऐकलं की झोप उडते, त्यांच्यासाठी

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देते आहे ते तुम्हालाही कळेल आणि इतर वाचणाऱ्यांनाही. तुम्ही वसईच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातले. घरी पत्नी-पोरं आहेत, वडील आणि भाऊ बोट चालवतात, तुम्ही रोज लोकलने अंधेरीला नोकरीला जाता. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकत नाही. पण 'सावध असा, जागे राहा, सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो आहे' हे प्रवचनात ऐकलं की पुढचे काही दिवस तुम्ही मनातला प्रत्येक विचार तपासत बसता. रात्री झोप लागत नाही. मग थकून सगळंच सोडून देता आणि महिनाभराने कधीतरी लक्षात येतं की आपण देवाची आठवणही न काढता जगतो आहोत. पुन्हा भीती, पुन्हा तपासणी. 'संसारात राहून माणसाने दिवसभर सावध राहायचं तरी कसं?' असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक छोटा प्रश्न: मिस्सात डुलकी लागते, ते पाप आहे का?

मी धर्मग्रामात, म्हणजे आपल्या पॅरिशमध्ये, धर्मशिक्षण देते, रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, येणाऱ्यांसोबत बसून त्यांचं ऐकते, बरीच वर्षं हेच काम करते आहे. माझंही घर मासेमारीचंच, त्यामुळे तुमच्या घरातल्या वेळा-अवेळा मला माहीत आहेत. मी धर्मगुरू नाही, म्हणून जिथे पापनिवेदनाचा विषय येईल तिथे तुम्हाला फादरांकडेच पाठवणार आहे.

तुम्हाला सावध राहणं जमत नाही असं मला वाटत नाही. तुम्ही पहारा चुकीच्या दिशेला देता आहात. तुमच्या लिहिण्यात सैतान चार वेळा आला, पाप कितीतरी वेळा आलं, येशू एकदाही आला नाही. शुभवर्तमानात जागं राहण्याची आज्ञा जिथे सगळ्यात ठळक आहे, तो मार्काचा तेरावा अध्याय काढून बघा. तिथे एक द्वारपाल आहे. त्याला जागं राहायला सांगितलंय ते घरधनी येणार आहे म्हणून. संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की पहाटे, ते ठाऊक नाही. म्हणजे तो आपल्या माणसाची वाट बघतो आहे. चोराचा दाखलाही शास्त्रात आहे, सिंहाचाही आहे, ते मी खोटं म्हणत नाही. पण ज्याचं सगळं लक्ष सिंहाकडे असतं त्याला घरधनी दारात उभा राहिलेला दिसत नाही. भीतीने आलेली जाग चार-सहा दिवसच टिकते, कारण शरीर तेवढंच ओढू शकतं. तुमचं नेमकं तेच होतंय.

रात्री दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दाखला तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. त्यातली एक ओळ बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: वराला उशीर झाला तेव्हा त्या सगळ्यांनाच डुलक्या आल्या आणि झोप लागली. शहाण्या पाचही झोपल्या! झोपण्याबद्दल येशू कोणालाच बोल लावत नाही. मध्यरात्री हाक आली तेव्हा पाचजणींकडे तेल होतं, पाचजणींकडे नव्हतं, एवढाच फरक पडला. डोळे ताणून बसल्याने तेल जमत नाही, ते आधीच भरून ठेवावं लागतं. रिट्रीटमध्ये हे सांगितलं की कित्येकांचे खांदे खाली येतात, मी पाहिलेलं आहे. तुम्हीही जरा खांदे सैल सोडा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. 'आत काही हलत नाही' असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण प्रत्येक वेळी आध्यात्मिकच असतं असं नाही. एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. पहाटे उठून विरार लोकलला लोंबकळत जाणारा आणि रात्री नऊला घरी पोचणारा माणूस प्रार्थनेला बसल्यावर पेंगत असेल तर आधी त्याच्या झोपेचा हिशोब बघावा. दुसरं, घरात अलीकडे कोणी गेलं असेल, तर त्या जडपणाला मी पाप म्हणणार नाही. येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमानी बागेत शिष्य झोपी गेले होते, आणि लूक त्याचं कारण देतो: दुःखाने. तिसरं, दारू. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मीही काही धरून चालत नाही. पण असेल, तर पुढचं सगळं वाचण्याआधी तिथून सुरुवात करावी लागेल.

हे तिन्ही नसेल, तर लूकच्या एकविसाव्या अध्यायातला इशारा तुमच्यासाठी आहे असं समजा. तुमची मनं जड होऊ देऊ नका, असं येशू तिथे सांगतो आणि मनं कशाने जड होतात तेही सांगतो. गुंगी, दारूबाजी आणि संसाराच्या चिंता. या तिघांना त्याने एका ओळीत बसवलंय. दारूबाजाला आपण गावात ओळखतो, त्याच्या नावाने बायका सुस्कारे टाकतात. पण बोटीच्या कर्जाचा हप्ता, डिझेलचा भाव, पोरांची फी, भावाभावांतली घराची वाटणी, वाडीच्या जमिनीला आलेला बिल्डर, यांत रात्रंदिवस बुडालेल्या माणसाला आपण जबाबदार म्हणतो. तो जबाबदार असतोही. तरी त्याचं मन तितकंच जड झालेलं असू शकतं. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मोठ्या मोहाला बळी पडून देवापासून दूर गेलेले थोडे असतात. काळजी करता करता दूर गेलेले खूप असतात, आणि त्यांना स्वतःला ते कळलेलं नसतं, कारण त्यांनी 'वाईट' काहीच केलेलं नसतं.

हे कसं घडतं ते तुम्हाला तुमच्या वडिलांच्या भाषेत सांगता येईल. नांगर टाकून उभी असलेली बोट कधी कधी नांगर ओढत सरकते. आतल्या माणसाला काहीच जाणवत नाही, कारण पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. म्हणून तांडेल, बोटीचा प्रमुख, किनाऱ्यावरची खूण धरून ठेवतो, एखादा मनोरा, एखादं टेकाड, आणि अधूनमधून बघतो की ती होती तिथेच आहे ना. तो रात्रभर खुणेकडे टक लावून बसत नाही, पण न बघता झोपूनही जात नाही. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ऐकलेल्या गोष्टींपासून आपण वाहवत जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावं, असं म्हटलंय. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. तुम्ही आतापर्यंत एक तर अखंड टक लावून बसलात, नाही तर महिनाभर बघितलंच नाही. ठरलेल्या वेळी बघणं मधल्यामध्ये राहून गेलं.

त्या ठरलेल्या वेळा आपल्या चर्चने आधीच लावून दिलेल्या आहेत. एंजलसची, म्हणजे मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाच्या प्रार्थनेची, घंटा सकाळी, दुपारी, संध्याकाळी वाजते. ऑफिसात घंटा ऐकू येणार नाही, पण दुपारी बारा सगळीकडेच वाजतात. डबा उघडण्याआधी ती प्रार्थना म्हणा, ओठ न हलवता म्हटली तरी चालेल. सकाळच्या गाडीत गर्दीमुळे पुस्तक उघडता येत नसेल, तर त्या दिवसाच्या शुभवर्तमानातली एकच ओळ घरून पाठ करून निघा आणि बोरिवलीपर्यंत तीच मनात घोळवा. मोबाइलबद्दल मी लांबण लावत नाही. गाडीत चढल्यापासून उतरेपर्यंत तो हातात असेल तर ती ओळ टिकणार नाही, एवढं तुम्हालाही माहीत आहे.

खरी भिस्त मात्र संध्याकाळच्या आत्मपरीक्षणावर ठेवा. इथे जरा थांबते, कारण तुम्ही जे 'तपासणं' करता ते आणि हे आत्मपरीक्षण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी याचा जो क्रम घालून दिला त्यात पहिली पायरी कृतज्ञतेची आहे. आज काय मिळालं, ते नावानिशी आठवायचं: आईने राखून ठेवलेलं बोंबलाचं कालवण, गाडीत कोणीतरी सरकून दिलेली जागा, साहेबाने न रागावता समजून घेतलेली चूक. मग देवाकडे प्रकाश मागायचा, कारण स्वतःचं मन स्वतःच्या दिव्याने नीट दिसत नाही. मग दिवसावरून तासातासाने हलकेच नजर फिरवायची. मग जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची. आणि शेवटी उद्याच्या दिवसातली एक जागा, फक्त एक, देवाच्या हाती द्यायची. हा क्रम मोडू नका. पापापासून सुरुवात करणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःकडेच बघत बसतो आणि स्वतःपाशीच संपतो. दानापासून सुरुवात केली की देणारा समोर येतो, आणि त्याच्यासमोर पाप बघायला तितकी भीती वाटत नाही.

वेळ दहा मिनिटं. तुम्ही तर त्यावर एक मिनिटही जाऊ नका. अंथरुणावर पडून करू नका, बसून करा, आणि जेवणाआधी केलंत तर उत्तम, रात्रीची झोप त्यात सापडत नाही. तासातासाने नजर फिरवताना 'हे पाप होतं का?' असं विचारत बसू नका. 'या वेळी माझं मन देवाकडे वळलेलं होतं की दुसरीकडे?' एवढंच विचारा. थोड्या दिवसांत तुम्हाला एक गोष्ट दिसू लागेल, जी मला जवळजवळ प्रत्येकात दिसते: आपण दिवसभर सारखे घसरत नसतो, ठरावीक वेळीच घसरतो. मासळी विकणाऱ्या एका ताई हे करू लागल्या तेव्हा त्यांना दिसलं की सुनेला लागेल असं त्या बोलतात ते नेहमी बाजारातून येऊन पैसे मोजल्यावर. सकाळी नाही, जेवताना नाही, तेव्हाच. धंदा कमी झाला की जास्त. मग त्यांनी पैसे घरी मोजणं बंद केलं. नाक्यावरच्या क्रूसापाशी टोपली खाली ठेवायची, एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायचं, आणि मग घरात शिरायचं. दिवसभराचा पहारा त्यांना कधीच झेपला नसता. त्या वेळेचा झेपला.

तुमची वेळ कोणती असेल ते मी सांगू शकत नाही. दुपारची असेल तर नवल वाटणार नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने या दुपारच्या मरगळीचं वर्णन करून ठेवलंय. सकाळी दहाच्या सुमारास सुरू होते, दोनपर्यंत पिडते, सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, माणूस सारखा खोलीबाहेर डोकावतो, जेवायला किती वेळ आहे ते बघतो, आणि त्याला ही जागा, हे काम, हे आयुष्यच नकोसं होतं. त्याने याला दुपारचा दैत्य म्हटलंय. ऑफिसात बसणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. आपल्या किनाऱ्यावर याचं आणखी एक रूप दिसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ६१ दिवस. जाळी विणून होतात, बोट डागडुजी करून शाकारून ठेवलेली असते, आणि धडधाकट माणसं पावसाकडे बघत बसतात. भांडणं तेव्हा होतात, पत्ते-दारू तेव्हा वाढते, जुने वाद तेव्हा उकरले जातात. दावीद राजाचंही असंच झालं. राजे लढाईला निघायच्या दिवसांत तो यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरू लागला, आणि तिथून त्याचा घात सुरू झाला. त्या महिन्यांत वडिलांकडे, भावाकडे लक्ष द्या. रोजची जपमाळ त्या दोन महिन्यांपुरती तरी सगळ्यांनी एकत्र बसून म्हणा. तुम्ही दिवसभर बाहेर असता, म्हणून सुरुवात कदाचित तुम्हालाच करावी लागेल.

दुसरी नाजूक वेळ म्हणजे रिट्रीटहून परतल्यावरचा आठवडा, किंवा चांगलं पापनिवेदन झाल्यानंतरचे दिवस. मत्तयच्या बाराव्या अध्यायात घर झाडून-पुसून सजवलेलं आहे, पण रिकामं आहे, आणि गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सावधपणावर शिकवण दिली तेव्हा हाच उतारा घेतला होता. तुमचं चक्र बघा: भीतीने घर झाडता, पण त्यात कोणाला राहायला बोलावत नाही. दुपारची प्रार्थना, घरून नेलेली ओळ, शेजाऱ्याच्या आजारपणात मारलेली फेरी, बोटीवर कामाला आलेल्या परगावच्या खलाशाला ताप आला तर त्याला दवाखान्यात नेणं, यांनी घर भरतं. आणि तुम्ही ज्याची वाट बघत होतात तो घरधनी अशाच वेळी दारात येतो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात कुमारींच्या दाखल्यानंतर थोड्याच ओळींनी तो सांगतो की मी भुकेला होतो, परका होतो, आजारी होतो. जागं राहणं म्हणजे काय ते त्याच अध्यायात पुढे उलगडलंय, पण आपण दाखला संपला की पुस्तक मिटतो.

पेत्राबद्दलही बोलायला हवं. येशूला पकडायला आले त्या रात्री या शिष्याकडे तलवार होती आणि ती उपसायची त्याची तयारीही होती. शिपायांसमोर तो डगमगला नाही. थोड्या वेळाने शेकोटीपाशी एका दासीने साधं विचारलं, 'तूही त्याच्याबरोबर होतास ना?' आणि तिथे 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून तो पडला. आपणही मोठ्या मोहासाठी तलवार घेऊन बसतो. तुमची परीक्षा बहुधा चहाच्या टपरीवर होईल, कोणाची तरी निंदा चालू असेल आणि तुम्हाला एक वाक्य घालायचा मोह होईल तेव्हा. किंवा ऑफिसात कोणी धर्मावरून काही बोलेल आणि गप्प बसणं सोयीचं असेल तेव्हा. तिथे प्रत्येक वेळी बोललंच पाहिजे असं नाही. कुठे बोलायचं, कुठे शांत राहायचं, हे माणसावर आणि प्रसंगावर अवलंबून आहे. पण आपण शहाणपणाने गप्प बसलो की भिऊन, हे संध्याकाळच्या दहा मिनिटांत प्रामाणिकपणे बघता येतं.

आणि हे एकट्याने करू नका. बागेत येशूनेही तिघांना बरोबर घेतलं आणि 'माझ्याबरोबर जागे राहा' म्हणाला. तुमच्या पत्नीला विचारा, 'मी दूर गेलो की तुला कशावरून कळतं?' तिच्याकडे उत्तर तयार असेल. बायकांना ते कळलेलं असतं, कोणी विचारत नाही म्हणून त्या बोलत नाहीत. कोणाचं उत्तर असतं 'पोरांवर ओरडता', कोणाचं 'जेवताना बोलत नाही', कोणाचं 'फोन पालथा ठेवता'. ती तुमची किनाऱ्यावरची खूण. ऐकताना राग आला तरी ऐकून घ्या.

आता तुमच्या रात्रीच्या तपासणीबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहिते आहे. तोच विचार पुन्हा पुन्हा उलटून बघणं, सांगून झालेलं पाप 'नीट सांगितलं नव्हतं' म्हणून परत परत सांगावंसं वाटणं, क्षमा मिळाली याची खात्रीच न वाटणं, याला सावधपणा म्हणत नाहीत. हा मनाला लागलेला एक त्रास आहे आणि तो भल्याभल्यांना झालेला आहे. संत इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला होते, तेव्हा याच त्रासाने इतके पिडले गेले की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात येत होते. अशा माणसाने एकच धर्मगुरू धरावेत, आज इथे उद्या तिथे जाऊ नये, आणि ते 'हे पुन्हा सांगू नको' म्हणाले तर ऐकावं. मन ओरडत राहिलं तरी ऐकावं. आणि तरीही हे थांबत नसेल, झोप, जेवण, काम बिघडत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. एलियाला भाकर आणि झोप लागली होती, कोणाला औषध लागतं.

म्हणून तुमच्यापुरतं मी एवढंच सुचवेन: रात्रीची तपासणी पूर्ण बंद, जेवणाआधीची दहा मिनिटं सुरू, दुपारी बाराची प्रार्थना, आणि फादरांना एकदा भेटून हे सगळं सांगणं. यापेक्षा जास्त काही सध्या अंगावर घेऊ नका. तुम्ही उत्साहाने आणखी चार गोष्टी घ्याल आणि पंधरा दिवसांत सगळ्याच सोडाल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. कालचं राहू द्या, आजचं करा.

राहिली मिस्सातली डुलकी. प्रेषितांच्या कृत्यांत विसाव्या अध्यायात युतुख नावाचा तरुण आहे. पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं, हा खिडकीत बसला होता, गाढ झोप लागली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, 'घाबरू नका, याच्यात जीव आहे' म्हणाला. मग वर येऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलत राहिला. त्या पोराला झोपेबद्दल कोणी रागावल्याचं तिथे लिहिलेलं नाही. थकल्यामुळे न ठरवता लागलेली डुलकी हे पाप नाही. पण शनिवारी रात्री एकपर्यंत मोबाइल बघून सकाळी मिस्सात पेंगत असाल, तर तो शनिवारचा प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला सोडवता येतो. सकाळच्या मिस्साला डोळे उघडतच नसतील तर संध्याकाळच्या मिस्साला जा, आणि शक्य असेल तर पोरांना घेऊन पुढच्या बाकावर बसा.